नाकारलेली सुट्टी बाद कशी होते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, नोकरी आणि घर यांचा मेळ घालण्यावरचा ‘कंपन्या आणि कर्मचाऱ्यांचा समतोल’ हा लेख वाचला. त्याच दिवशी लिहिलं असतं तर भाषा बिघडली असती, म्हणून आज सोमवारी लिहिते आहे.

शीर्षकात कंपन्या आणि निम्मा लेख नोकरदारांना उपदेश! नाही म्हणायला शिका, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, सकाळी प्राणायाम करा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला तर ऑन-कॉलचा, म्हणजे घरी असतानाही ऑफिसातून कधीही येणारा फोन कोणी घ्यायचा, तेवढं लेखिकाबाईंनी सांगावं. मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आमच्या कंपनीत लेखातलं सगळं आहे. बुधवारी फळं, शुक्रवारी झुंबा, योगदिनाला चटया आणि मन मोकळं करायला एक हेल्पलाइनसुद्धा. नाही ती फक्त हवी तेव्हा मिळणारी सुट्टी.

2024च्या दिवाळीत पाडवा शनिवारी आला होता. अमेरिकेतल्या क्लायंटच्या वेबसाइटचं रिलीज (नवी आवृत्ती चालू करायची वेळ) त्यांच्या शुक्रवारी रात्री, म्हणजे आमच्या पाडव्याच्या सकाळी. नवऱ्याला ओवाळलं ते गळ्यात हेडसेट घालून, कॉल म्यूट करून. त्याचंही काही नाही. रिलीज कधीतरी सणाला येणारच, आम्ही काही आज या धंद्यात आलो नाही. बदल्यात एक कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, मिळाला. नियम असा, की तो तीस दिवसांत घ्यायचा, नाहीतर बाद.

सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मागितला. उत्तर आलं, ‘त्या आठवड्यात दोघं आधीच रजेवर आहेत, जमणार नाही.’ ऑपरेशनला नणंद गेली. मग नोव्हेंबरच्या शेवटी मागितला. तेव्हा तिकडे थँक्सगिव्हिंगचा सण, क्लायंटकडचं सगळं ऑफिस गुरुवार-शुक्रवार बंद. म्हटलं आता तरी मिळेल. तर मॅनेजरसाहेब म्हणाले, ‘क्लायंट सुट्टीवर आहे, तेवढ्यात आपण मागचं उरकून घेऊ!’ म्हणजे क्लायंट कामावर असेल तर सुट्टी नाही आणि तो सुट्टीवर गेला तर मुळीच नाही. डिसेंबर उजाडताच मेल आला, आपला कॉम्प-ऑफ लॅप्स झाला आहे. एचआरच्या मुलीला विचारलं तर म्हणते, ‘मॅम, सिस्टीमने लॅप्स केला, आमच्या हातात काही नसतं.’ या सिस्टीमला भेटायचं असेल तर अपॉइंटमेंट कुठे मिळते, असं विचारलं. ती हसली. मी नव्हते हसले.

पुढच्याच टाउन हॉलमध्ये, म्हणजे कंपनीतल्या सगळ्यांच्या सभेत, मला टाळ्यांच्या गजरात एक कॉफीचा मग देण्यात आला.

आपल्या राज्याच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, साप्ताहिक सुट्टी बुडाली तर बदली सुट्टी दोन महिन्यांत द्यावी, असं आहे. पण व्यवस्थापक आणि पर्यवेक्षक त्यातून वगळलेले. आमच्याकडे तिशी ओलांडली की माणूस ‘लीड’, म्हणजे टीमचा प्रमुख, होतो. पगार जवळपास तोच, पाटी नवी आणि कायद्याचा आधार सुटला. त्यात सप्टेंबर 2025मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे 9 तासांचे 10 तास करायला आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा 125 वरून 144 तासांवर न्यायला मंजुरी दिली. आमच्याकडे हे कधीचंच चालू आहे, सरकारला उशिरा कळलं इतकंच. आठवड्याला सत्तर तास की नव्वद, हा वाद बड्या मंडळींनी खुशाल घालावा.

आणि सुट्टी दिली तर जग बुडतं, हेही मला पटवू नका. दिवाळीत तुमच्याच पहिल्या पानावर चौकट असते: कार्यालयास सुटी असल्याने उद्याचा अंक प्रसिद्ध होणार नाही. वाचक एक दिवस कुरकुरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपर उघडतो. बातमी थांबू शकते, मग कोणा परदेशी दुकानाच्या वेबसाइटवरचं बटण थांबू शकत नाही?

कंपन्यांना खरंच काही करायचं असेल तर झुंबा बंद केला तरी चालेल. सुट्टी कंपनीने नाकारली असेल तर ती बाद होता कामा नये. पुढे न्या नाहीतर पैसे द्या, आणि कोणत्या मॅनेजरने किती नाकारल्या तो आकडा त्याच्या वार्षिक अप्रेझलमध्ये धरा. मग बघा ‘जमणार नाही’चं ‘जमेल’ कसं आपोआप होतं ते.

एक राहिलंच. लेखासोबतचं चित्र. बाईला आठ हात, एकात लॅपटॉप, एकात झारा, एकात मूल. हे चित्र तुमच्याकडे कायमचं काढून ठेवलंय का? दर महिला दिनालाही तेच असतं. पुरुष समतोल साधत नाहीत, की त्यांना दोन हातांत भागतं?

लेखात तीन एचआर प्रमुखांच्या मुलाखती आहेत. तिघांनाही पुन्हा फोन करा आणि गेल्या वर्षी त्यांच्या कंपनीत किती कॉम्प-ऑफ लॅप्स झाले, तेवढं विचारा. आकडा मिळाला तर तो पुरवणीत नको, पहिल्या पानावर छापा.

आपली,
एक वाचक, वारजे, पुणे

(कृपया नाव छापू नये. अप्रेझल तोंडावर आहे.)