वर्गणी आमच्याकडूनही मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण लागला की आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावांतून संध्याकाळी पखवाजाचा आवाज यायला लागतो. चतुर्थीच्या आरत्या, भजनी सप्ताह, पुढे कला अकादमीची भजन स्पर्धा. महिला मंडळांना तर या दिवसांत श्वास घ्यायलाही उसंत नसते. नेमक्या याच दिवसांत एक गोष्ट मला दरवर्षी सलते. यंदा ती लिहूनच काढायची असे ठरवले.

मी ५६ वर्षांची आहे. दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. चव्वेचाळिशीपर्यंत कॅलिपर आणि कुबडीवर चालले. लहानपणी पोलिओ झालेल्यांचे स्नायू उतारवयात पुन्हा थकायला लागतात, तसे माझे झाले आणि गेली बारा वर्षे मी व्हीलचेअरवर आहे. गळा मात्र शाबूत आहे. पेटी वडिलांनी शिकवली. आमच्या भागातल्या एका महिला भजनी मंडळात मी वर्षानुवर्षे गात होते, गजर झाला की गौळण बहुधा माझ्याकडेच यायची.

मग तालीम सभामंडपातून नव्या सभागृहात गेली. वरचा मजला, बावीस पायऱ्या. ‘तू येऊ नकोस’ असे मला कोणीही म्हटले नाही, हे मी मुद्दाम लिहिते. उलट सगळ्या प्रेमाने म्हणाल्या, “माई, तूं कित्याक त्रास घेता? स्पर्धेक यो आयकूंक.” मी हसले, बरे म्हटले. पुढच्या महिन्यात वर्गणी गोळा करणारी बाई आमच्या घरी आली. माझी वहिनीही त्याच मंडळात आहे. तिच्याकडून पन्नास रुपये घेतले, पावती फाडली, माझी विचारपूस केली, चहा घेतला आणि ती गेली. मी पाकीट हातात घेऊन बसले होते. त्या दिवशी मला कळले की आता मी सभासद राहिलेली नाही, श्रोता झाले आहे.

आम्हाला नकार कोणी देत नाही. आम्हाला सूट देतात. ‘तुम्हाला कशाला तसदी’ या एका वाक्याने गोव्यातली किती माणसे संध्याकाळी सहानंतर घरात बसून राहिली असतील! २०११च्या जनगणनेत आपल्या राज्यात ३३ हजार अपंगांची नोंद झाली होती, तीही अपंगांसाठीच्या १९९५च्या जुन्या कायद्याच्या काळात. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले, म्हणजे आज मोजणी झाली तर आकडा वाढेलच.

गेल्या काही महिन्यांत माझ्या ओळखीच्या अशा माणसांना मी एकच प्रश्न विचारत होते : तुला कशात जायला आवडेल? पेन्शन, दाखले, उपचार यांबद्दल सगळेच विचारतात. हा प्रश्न मात्र बहुतेकांना पहिल्यांदाच कोणी विचारला होता. काही जण तर आधी गप्पच झाले.

सत्तरी तालुक्यातला एक तरुण जन्मांध आहे. त्याला पक्षी पाहायला जाणाऱ्यांच्या गटात जायचे आहे. ‘पाहायला’ हा शब्द तोच वापरतो. पावसाळ्यात पहाटे ओहोळाकाठी शीळकरी कस्तुर गातो तेव्हा कोणी माणूसच सावकाश शीळ घालतोय असे वाटते. हा मुलगा आमच्याशी फोनवर बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, “ऐका, दोन आहेत. एक जवळ, एक पलीकडच्या काठाला.” मला एकसुद्धा धड ऐकू आला नव्हता. तांबटाची टुकटुक, भारद्वाजाचा घुमणारा आवाज, खंड्याची किंचाळी, सगळे त्याला पाठ आहे. झाडीत लपलेला पक्षी डोळसांनाही आधी कानानेच कळतो. मग असा माणूस गटात असणे हा गटाचाच फायदा नाही का?

डिचोलीकडचे एक अंध शिक्षक बुद्धिबळ खेळतात. त्यांचा पट मी मांडीवर घेऊन चाचपून पाहिला. काळी घरे पांढऱ्यांपेक्षा किंचित उंच, प्रत्येक घराला मध्ये भोक, सोंगट्यांना खाली खुंटी आणि काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर एक बारीक टोक. खेळताना ते सगळा पट बोटांनी वाचतात, म्हणून ‘हात लावला की खेळलेच पाहिजे’ हा नियम त्यांच्यासाठी वेगळा आहे : सोंगटी भोकातून वर उचलली तरच तिला हात लावला असे धरतात. डोळस खेळाडूशी सामना असेल तर दोघांचे दोन पट, आणि चाल मोठ्याने सांगायची. उभ्या रांगांना अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड अशी नावे असतात, म्हणजे बी आणि डी ऐकण्यात गफलत होत नाही. एवढी सगळी सोय जगात कधीचीच झालेली आहे. त्यांच्या गावात रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा डाव पडतो. त्यांना फक्त कोणी ‘या, बसा’ म्हटलेले नाही.

आणि एक आई. तिच्या २४ वर्षांच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. विशेष शाळा होती तोवर त्याला मित्र होते. अठरा पूर्ण झाली, शाळा संपली, त्यानंतर घर आणि टीव्ही. शिगम्यात, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या सणात, ढोल वाजवत नाचणारा रोमटामेळ दारावरून गेला की तो ढोलाबरोबर थाळीवर ताल धरतो, आणि ताल सोडत नाही. आईची इच्छा फार मोठी नाही. मेळाच्या तालमीला त्याला मागच्या रांगेत उभे राहू द्यावे, आणि चुकला तर इतरांना ओरडतात तसे त्यालाही ओरडावे.

पर्पल फेस्ट या अपंगांसाठीच्या महोत्सवाबद्दल मला मनापासून आदर आहे. जानेवारी २०२३मध्ये पहिला महोत्सव पणजीत झाला तेव्हा मीही गेले होते. एकाच ठिकाणी इतक्या व्हीलचेअर, पांढऱ्या काठ्या आणि खुणांनी रंगलेल्या गप्पा मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. परत येताना गाडीत मी रडले, आनंदानेच. पण उत्सव चार दिवसांचा असतो, आणि तालीम दर गुरुवारी असते. मैत्री गुरुवारी होते.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. २०१६च्या कायद्याच्या कलम २९मध्ये सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांत बरोबरीने भाग घेण्याचा हक्क दिलेला आहे, कलेचे वर्ग, नृत्य, मैदानी शिबिरे यांचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे, आणि त्याची जबाबदारी सरकारबरोबर स्थानिक संस्थांवरही टाकली आहे. म्हणजे आपल्या पंचायतीवरसुद्धा. ग्रामसभेत रस्ता, पाणी, कचरा सगळे विषय येतात. पंचायतीच्या सभागृहात व्हीलचेअर चढेल का, हा विषय कोणी मांडावा, ही माझी विनंती आहे. उतरणीचा हिशेबही सोपा आहे : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. तीन पायऱ्या असतील तर साधारण अठरा फूट, जागा कमी असेल तर काटकोनात वळवता येते. त्याहून उभी उतरण केली तर ती स्कूटरच्या उपयोगाची, आमच्या नाही.

उतरणीवरून आठवले. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट मला गोव्यातल्या सगळ्या वाहनांत जास्त आवडते. बसची पहिली पायरीच माझ्या छातीला येते, फेरीत मात्र मोटारी-स्कूटरींच्या रांगेत मी आपली चाके ढकलत जाते. ओहोटीला फळी जरा उभी होते, तेव्हा मागून कोणीतरी हात लावतो, न सांगता. अपंगांसाठी म्हणून ती बोट कोणी बांधलेली नाही. सगळ्यांसाठी बांधली, म्हणून माझ्यासाठीही झाली.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी तर कितीतरी आहेत. मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सूचनेचा फोटो टाकतात. अंध माणसाचा फोन अक्षरे वाचून दाखवतो, फोटोपाशी बहुतेक वेळा तो अडतो. कर्णबधिर सभासदाला आवाजी निरोप निरुपयोगी. तीच सूचना दोन ओळींत टाइप केली की दोघांचेही भागते. तालीम अर्धा तास आधी सुरू केली तर शेवटची बस मिळते.

आता आमच्या मंडळाचे सांगते. गेल्या आषाढात वहिनीने आणि आणखी दोघींनी मिळून तालीम खाली आणली. सभामंडपात दुसरा कार्यक्रम असला की आम्ही एकीच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसतो. पखवाजवाल्याला जागा अपुरी पडते म्हणून तो अंगणात खुर्ची टाकतो, पाऊस आला की सगळे आत सरकतो आणि टाळ एकमेकींना लागतात. पहिल्या दिवशी मी काळी चारच्या पट्टीत गौळण धरली आणि अंतऱ्याला माझा श्वास पुरला नाही. सवय गेली होती. आमच्या बुवांनी सगळ्यांसमोर थांबवून तीनदा म्हणून घेतली. तालीम संपल्यावर वर्गणीवाली बाई माझ्यासमोर आली, वही उघडली आणि म्हणाली, “माई, आषाढाचे पन्नास, आणि तुजे फाटले दोन म्हयने राविल्यात.” मागचे दोन महिने मी आलेच नव्हते, पण मी वाद घातला नाही. दीडशे रुपये दिले. पावती पेटीच्या डब्यात ठेवली आहे.

चोडणच्या सलीम अली अभयारण्यात किंवा बोंडल्याला पक्षी पाहायला जाणारा एखादा गट हे पत्र वाचत असेल तर सत्तरीच्या त्या तरुणाला सोबत न्यावे. डिचोलीच्या शिक्षकांकडे पट स्वतःचा आहे, समोर बसणारा हवा. माझा पत्ता संपादकांकडे आहे, त्यांच्यामार्फत निरोप पोचवला तर मी दोघांनाही लगेच कळवीन.

आपली,
एक वाचक, फोंडा