आधी गच्चीला चुना, मग एसी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च लागला की कोणता एसी घ्यावा, याची चर्चा सगळीकडे सुरू होते. आपलं घर एवढं तापतं कशानं, हे मात्र त्याआधी कुणी पाहत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर जाणाऱ्या आमच्या चंद्रपुरात तरी ते पाहायलाच हवं.

कवेलूची छपरं आणि मातीच्या जाड भिंती गेल्या, त्यांच्या जागी उघडी सिमेंटची गच्ची आली. दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता रात्रभर खोलीत सोडतो. म्हणूनच मध्यरात्री अंगणात बरं वाटतं आणि आत पंख्याखाली झळा लागतात. अशा खोलीतल्या एसीची निम्मी ताकद छताशी झुंजण्यात जाते, शिवाय आतली उष्णता तो शेजाऱ्याच्या खिडकीसमोर फेकतो.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाडव्याच्या सुमारास गच्चीवर डिंक घालून चुन्याचे दोन हात द्यायचे. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि खालची खोली साधारण २ ते ५ अंशांनी उतरते. पावसाळ्यात चुना धुपतो, त्यामुळे दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. धूळ साचली की गुण कमी होतो, तेव्हा अधूनमधून गच्ची झाडून घ्यावी. टिनाच्या छपरालाही पांढरा रंग तितकाच उपयोगी पडतो, आणि एसीचा विचारही करू न शकणारी कितीतरी कुटुंबं त्याच टिनाखाली राहतात.

दुसरी बाजू पश्चिमेची. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. चार वाजल्यानंतरचं तिरपं ऊन मात्र छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. तिथे आतला पडदा फारसा कामाचा नाही, कारण काचेतून ऊन आत आलं की उष्णताही आलीच. बांबूची चटई किंवा हिरवी जाळी बाहेरूनच लावावी.

आमच्याकडची हवा कोरडी, त्यामुळे जूनच्या पावसापर्यंत कूलर उत्तम चालतो आणि वीज एसीच्या मानाने फारच कमी खातो. गवत दरवर्षी बदलावं आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कूलरचा उपयोग नाही.

एसी नकोच, असं मी म्हणत नाही. उष्णतेच्या लाटेत वृद्ध, तान्ही बाळं आणि आजारी माणसं यांच्यासाठी तो जरूर लावावा, पण २६ अंशांवर आणि सोबत पंखा सुरू ठेवून. तापमान एका अंशाने वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनेच सांगितलं आहे.

सगळं घरमालकावर सोडून मात्र चालणार नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे तिथल्या वस्त्यांमधली छपरं पांढरी केली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणून सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते बंधनकारक केलं. तेलंगणा तर आमच्या जिल्ह्याला लागूनच आहे. आपल्या महापालिकांनीही बांधकाम परवानगीत पांढऱ्या छताची आणि पश्चिमेच्या सावलीची अट घालावी. त्यासाठी नवा नियम होईपर्यंत थांबायचं कारण नाही. महापालिकेच्या शाळा आणि अंगणवाड्यांच्या गच्च्या याच महिन्यात चुन्याने रंगवून घ्याव्यात, अशी माझी मागणी आहे.

आपला,
एक वाचक, चंद्रपूर