उर्नेशची सोंगं

सेंट गालेन,
१५ जानेवारी

प्रिय सुध्या,

परवा उर्नेशला जाऊन आलो. झेंटिस डोंगराखालचं, स्वित्झर्लंडच्या आपेनझेल आउसररोडन प्रांतातलं गाव. तिथे वर्षअखेर दोनदा करतात, ३१ डिसेंबरला आणि १३ जानेवारीला. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने कॅलेंडर सुधारलं, पण ही मंडळी प्रोटेस्टंट. पोपचं पंचांग आम्ही का पाळावं, म्हणून १७९८ पर्यंत अडून बसली. पुढे सरकारदरबारी नवी तारीख आली, जुना सण मात्र सुटला नाही. जुन्या, म्हणजे ज्युलियन कॅलेंडरचा ३१ डिसेंबर आता १३ जानेवारीला येतो. डिसेंबरात पर्यटकांची झुंबड उडते, म्हणून जायचं तर १३ लाच.

सोंग घेणारा तो ख्लाउस. टोळी बहुधा सहा जणांची, सगळे बाप्ये. बायकांची सोंगंही तेच घेतात. टोळीच्या पुढे आणि मागे अंगभर घुंगरं बांधलेली 'बाई', मधले छातीपाठीवर भल्यामोठ्या घंटा घेऊन. देखण्या सोंगांच्या मखमली कपड्यांपेक्षा डोक्यावरचं ओझं बघण्यासारखं: मण्यांनी मढवलेलं, त्यावर कोरलेली लाकूडतोडे, गुराखी अशी चिमुकली माणसं. हिवाळ्याच्या कितीतरी रात्री त्यात जात असणार. मला मात्र कुरूप सोंगंच आवडली. गवतपेंढा, झाडपाला अंगावर, आणि तोंडावर दात विचकलेला असला मुखवटा की लहान पोर आईच्या पदराआड पळेल. तुमच्या गुहागरच्या शिमग्यातल्या संकासुराचा थोरला भाऊच म्हण ना! पण हा कुणाला बडवत नाही.

एका शेतघरापाशी आम्ही थांबलो होतो. टोळी बर्फातून दणदणत आली, अंगणात उड्या मारून घंटा वाजवल्या, आणि एकदम थांबली. मग घोळका करून गाणं सुरू केलं. त्याला झॉयरली म्हणतात. शब्द एकही नाही. एकाने सूर लावायचा, बाकीच्यांनी खालून धरून ठेवायचा. दारात उभे असलेले म्हातारे आजोबा हलकेच त्यात सूर मिसळत होते. मग घरधनीण वाइन घेऊन बाहेर आली. मुखवटा काढायचा नसतो, त्यामुळे सोंगांनी ती वाइन नळीने प्यायची. शेवटी प्रत्येकाशी हात मिळवून नव्या वर्षाच्या शुभेच्छा, आणि पुढच्या घरी.

सोंगाखाली कोण आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक असणार, पण विचारत कुणी नाही. १६६३ च्या कागदांत चर्चवाल्यांनी या रात्रीच्या गोंगाटाबद्दल तक्रार केलेली आहे म्हणे. तक्रारीचा उपयोग किती झाला, ते दिसलंच!

थंडी इतकी की मोबाइल दोनदा बंद पडला, त्यामुळे फोटो मोजकेच आहेत. झॉयरलीचं रेकॉर्डिंग मात्र चांगलं आलंय, वेगळं पाठवतो. काकांना ऐकव, शिमग्याच्या नमन-खेळ्यांतले सूर त्यांच्या अंगात मुरलेत, त्यांचं मत कळव. यंदा शिमग्याला तुमच्या वाडीत संकासुर कोण होतंय? तू होणार असशील तर मी रजा टाकतो.

तुझा,
मन्या