बाबांचे ९० मार्क

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर तुमचं दोघांचं खरंच कसं चाललंय हा विषय काढला की बाबा स्पीकर चालू करतात आणि आई "सगळं मस्त आहे गं, तू जेवलीस का" वर येते, म्हणून सरळ लिहितेच आहे.

बाबा, आधी तुमचं. कोथरूडला होते तेव्हा वहीत तुमचा बार्थेल काढला होता ना, तो रोजची कामं स्वतःची स्वतः किती जमतात याचा १९६५ पासूनचा तक्ता आहे, जेवण, कपडे, संडास, चालणं अशा दहा गोष्टी आणि एकूण १००. तुमचे ९० आले. अंघोळीचे ५ गेले कारण मावशी लागतात, जिन्याचे ५ गेले कारण कुणीतरी धरावं लागतं. तुम्ही ऑडिटवाले, लगेच बेरीज तपासलीत आणि म्हणालात डिस्टिंक्शन आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर चार महिन्यांत ९० म्हणजे खरंच भारी, पण हा ९० मार्कांचा माणूस दिवसभर गॅलरीत बसून खालच्या स्कूटर मोजत होता, त्याचं काय करायचं?

म्हणून मग दुसरं विचारलं, ती कॅनडातली पद्धत, १९९१ सालची, ज्यात यादी आम्ही थेरपिस्ट करत नाही, पेशंट करतो. काय करायचंय ते त्याने सांगायचं, ते किती जमतं आणि त्यावर किती समाधानी आहात याला दहापैकी मार्क पण त्यानेच द्यायचे. "म्हणजे स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा?" असं म्हणून तुम्ही नाक मुरडलंत आणि तरीही दिलेतच. रविवारी मंडईत जाऊन मेथीची जुडी स्वतः निवडणे, जमतं २, समाधान १. वर "ही आणते ती पिवळी असते" असंही म्हणालात, तेव्हा आतून कुकरचं झाकण केवढ्याने आपटलं ते तुम्हाला ऐकू आलं नसेल, मला आलं. असो. काही महिन्यांनी परत विचारायचं आणि दोन मार्कांनी जरी वाढलं तरी खरा फरक पडला असं धरतात, म्हणजे ४ आणि ३ झाले तरी मी इकडे पेढे वाटीन. मंडई लांब आहे, सुरुवातीला कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत जा.

आता इकडचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच डोक्यात आलं. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर अ‍ॅक्टपासून माणसाचं वेलबीइंग बघणं हीच कौन्सिलची, म्हणजे इकडच्या महापालिकेची, जबाबदारी आहे, त्यामुळे बाथरूममध्ये धरायला बार बसवला, केस बंद, एवढ्यावर भागत नाही. केंट युनिव्हर्सिटीत तयार झालेली अ‍ॅस्कॉट नावाची प्रश्नावली आहे, आठ गोष्टी विचारतात, रोजच्या आयुष्यावर आपला ताबा किती, माणसांत मिसळता का, मदत करतात ती अशी करतात का की आपल्याला कमीपणा वाटू नये, वगैरे. मुलाखत घेऊन करायची असेल तर नुसतं आत्ता कसं आहे एवढंच नाही, ही मदत नसती तर कसं असतं तेही विचारतात. या दोन्हीमधला फरक म्हणजे त्या मदतीची कमाई. बाबा, हे तुम्हाला पटेल, पक्कं हिशेबी आहे.

परत येताना विमानात झोप येईना म्हणून तुमच्यासाठी तो दुसरा रकाना भरत बसले. मदत नसती तर. गोळ्या कोण देतं, सॉक्स कोण चढवतं, जिन्यात हात कोण धरतं, रात्री दोनला लाइट कोण लावतं. मावशी आठ ते नऊ, बास. बाकी सगळीकडे एकच नाव, आई. तुमचे ते ९० सुद्धा तिच्याच जिवावर टिकलेत.

आणि मी तीन आठवडे वही घेऊन फिरले पण आई, तुला एक प्रश्न विचारला नाही. माझंच प्रोफेशन असून! सांभाळणाऱ्यांसाठी वेगळी प्रश्नावली असते, सात गोष्टींची, त्यात एक आहे, स्वतःसाठी जागा आणि वेळ मिळतो का. मंगळवारच्या भजनाला तू शेवटची कधी गेलीस? चष्म्याची काडी सेलोटेपने चिकटवलीस ती अजून तशीच असणार. गुडघ्याचं तर विचारतच नाही.

मावशींना संध्याकाळचे दोन तास अजून विचारा, पैसे मी पाठवते, यावर चर्चा नको. आणि रविवारी तुमच्या साडेचारला फोन करते. बाबा, तेव्हा तुम्ही शेजारच्या काकांबरोबर भाजीवालीपर्यंत जाऊन या, मला आईशी एकटीशी बोलायचंय. आणि आई, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आहेत, त्यात "मस्त आहे गं" हा नाहीये.

तुमची,
मनू