नाव एक, ध्वनिमुद्रणे दोन

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

‘जुने संगीत आता सगळेच फोनवर मिळते, तेव्हा तबकड्या शोधत बसण्यात अर्थ उरलेला नाही,’ असे मत आपल्या रविवारच्या पुरवणीतील एका लेखात वाचले. १९५०च्या दशकातील अमेरिकेतील ‘एक्झॉटिका’ (दूरदेशीच्या निसर्गाचा भास घडवणारे वाद्यसंगीत) आणि कॉकटेल जॅझ (हॉटेलांत वाजणारे हलकेफुलके जॅझ) यांच्या तबकड्या मी अनेक वर्षे जमवत आलो आहे आणि त्या अनुभवावरून हे मत मला मान्य नाही. फोनवर नाव मिळते. त्या नावाखाली आपण नेमके कोणते ध्वनिमुद्रण ऐकतो आहोत, हे मात्र बहुतेक वेळा कोणी सांगत नाही.

अमेरिकन पियानोवादक मार्टिन डेनी यांच्या ‘एक्झॉटिका’ या तबकडीचेच पाहा. या संगीतप्रकाराला पुढे तिचेच नाव पडले. डेनी होनोलुलूतील हवाईयन व्हिलेज हॉटेलच्या शेल बारमध्ये तीन साथीदारांसह वाजवत असत. शेजारच्या तळ्यातले बेडूक वादन सुरू असताना डराव डराव करू लागत आणि वादन थांबले की गप्प होत. ते लक्षात आल्यावर वादकांनी गमतीने पक्ष्यांचे आवाज काढले, आणि दुसऱ्या दिवशी एका श्रोत्याने ‘ती पक्ष्यांची रचना’ पुन्हा वाजवण्याची फर्माईश केली. हे वादन डिसेंबर १९५६ मध्ये होनोलुलूतच मोनो पद्धतीने, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज येईल असे, ध्वनिमुद्रित झाले आणि लिबर्टी कंपनीने १९५७ मध्ये ते प्रसिद्ध केले. पुढे स्टिरिओला मागणी आली, तेव्हा १९५८ मध्ये त्याच रचना हॉलिवूडमध्ये नव्याने वाजवून घेण्यात आल्या. तोपर्यंत व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचे वाद्य) वाजवणारे आर्थर लायमन डेनींना सोडून स्वतःचा संच काढण्यासाठी गेले होते आणि त्यांच्या जागी ज्युलियस वेक्टर आले होते. म्हणजे शीर्षक तेच, रचना त्याच, पण वादक वेगळा, जागा वेगळी आणि वर्षही वेगळे. तबकडी हातात असेल तर क्रमांकावरून उलगडा होतो: मोनोचा एलआरपी ३०३४, स्टिरिओचा एलएसटी ७०३४. डेनींना स्वतःला पहिलेच ध्वनिमुद्रण अधिक प्रिय होते, आणि ते योग्यच होते असे मला वाटते. त्या वादनात नवे काही सापडल्याचा जो आनंद आहे तो दुसऱ्यात उतरलेला नाही.

फोनवरच्या एका संगीतसेवेवर मी ही तबकडी लावली, तेव्हा वर्ष १९५७ असे लिहिले होते आणि प्रत्यक्षात वाद्ये डाव्या-उजव्या कानांत स्वच्छ विभागलेली ऐकू येत होती. मोनो ध्वनिमुद्रणात हे शक्यच नाही. वर्ष एका ध्वनिमुद्रणाचे आणि आवाज दुसऱ्याचा, असा हा प्रकार होता. मी दोनदा कळवले. दुरुस्ती झालेली नाही.

इतक्या प्रसिद्ध तबकडीची ही गत, तर कॉकटेल जॅझची काय असेल? हॉटेलांच्या लाउंजमध्ये पियानो, बास आणि ड्रम्स वाजवणारे कितीतरी त्रिकूट स्वतःच्या खर्चाने थोड्याशा प्रती काढून घेत आणि तेथेच श्रोत्यांना विकत. अशा तबकडीच्या कव्हरवर अनेकदा ना वर्ष असते, ना गावाचा पत्ता, कधी साथीदारांची नावेही नसतात. अशा वेळी तबकडी दिव्याखाली तिरपी धरून, शेवटची खाच आणि लेबल यांमधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेली अक्षरे वाचावी लागतात. ती आरसीए या अमेरिकन कंपनीच्या कारखान्यात छापलेली असेल, तर क्रमांकाचे पहिले अक्षर वर्ष सांगते: जे म्हणजे १९५८, के म्हणजे १९५९, एल म्हणजे १९६०. पुष्कळ तबकड्यांचा काळ सांगणारा दुसरा पुरावा शिल्लकच नाही, आणि तबकडीचे संगणकीय रूपांतर करताना नेमकी हीच अक्षरे सहसा कोणी टिपून ठेवत नाही.

कव्हरवरच्या मजकुरावर विसंबणेही धोक्याचे असते. फेटा बांधून ऑर्गन वाजवणारे कोर्ला पंडित हे नवी दिल्लीत जन्मलेले असल्याचे सांगितले जाई. ते मूळचे अमेरिकेतील मिझुरी राज्याचे कृष्णवर्णीय वादक जॉन रोलंड रेड होते, हे १९९८ मधील त्यांच्या निधनानंतर उघड झाले. त्या काळातील वर्णभेद लक्षात घेता मी त्यांना दोष देणार नाही. पण संग्राहकाने छापील मजकूर पडताळून का पाहावा, हे यावरून कळावे.

या गोंधळात कायद्यानेही भर घातली आहे. १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे युरोपात आता सर्वांसाठी खुली आहेत, तर अमेरिकेत १९५७ पासून फेब्रुवारी १९७२ पर्यंतच्या ध्वनिमुद्रणांवरील हक्क १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत टिकणार आहेत. त्यामुळे युरोपात कोणीही मूळ टेपविना, हाती आलेल्या जुन्या तबकडीवरून नवी प्रत काढू शकतो. आणि अमेरिकेत, ज्या त्रिकुटाचा वारस कोण हेच ठाऊक नाही, त्याची तबकडी पुन्हा विक्रीस आणण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. झिजलेल्या तबकडीवरून नक्कल केली की काय हरवते, हे लायमन यांच्या १९५८च्या ‘टाबू’वरून समजते. ती होनोलुलूतील ॲल्युमिनियमच्या घुमटाखाली, रहदारीचा आवाज नको म्हणून मध्यरात्रीनंतर ध्वनिमुद्रित झाली. त्या घुमटात व्हायब्राफोनचा स्वर बराच वेळ रेंगाळतो आणि हळूहळू विरतो. चांगल्या प्रतीत तो अगदी शेवटपर्यंत ऐकू येतो. खरखरीत नकलेत मात्र तो अर्ध्यावरच बुडतो.

तेव्हा जुन्या तबकड्या नव्याने प्रसिद्ध करणाऱ्यांनी आणि ऐकवणाऱ्यांनी ध्वनिमुद्रणाचे वर्ष व ठिकाण, मोनो की स्टिरिओ, वादकांची नावे, कोरलेला क्रमांक आणि नक्कल मूळ टेपवरून केली की तबकडीवरून, एवढे तरी प्रत्येक वेळी नमूद करावे, अशी माझी मागणी आहे. आपल्या पुरवणीत अशा तबकड्यांची ओळख करून देणाऱ्या लेखकांनीही, आपण कोणती प्रत ऐकून लिहिले हे एका ओळीत सांगावे, अशी विनंती करतो.

कळावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक