फाइल बनते, पण व्हिडिओ चालत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत प्रोग्रॅमिंगवर बरंच छापून येतं, आवडीने वाचतो, पण व्हिडिओ फाइल लिहायच्या आधी कोडेक (व्हिडिओ दाबून साठवणारा आणि पुन्हा उलगडणारा भाग) नीट सुरू करावा लागतो हे कोणी सांगतच नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात पायथनमध्ये ओपनसीव्ही ही चित्रं-व्हिडिओ हाताळणारी लायब्ररी वापरून 40 मिनिटं रेकॉर्डिंग केलं, प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालला, एकही एरर नाही, आणि बघतो तर फाइल जेमतेम काही बाइटची, आत एकही फ्रेम नाही. दोन दिवस कॅमेरा, केबल, प्लेअर सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी सापडलं ते असं, की फ्रेमचा शेप, म्हणजे मापं, विचारला की तो आधी उंची सांगतो, म्हणजे 480 आणि मग 640, आणि व्हिडिओरायटरला, म्हणजे फाइल लिहिणाऱ्या भागाला, आधी रुंदी द्यायची असते, मी आकडे होते तसेच उचलून दिले. मापं जुळली नाहीत तर तो प्रत्येक फ्रेम गुपचूप टाकून देतो, हूं की चूं नाही! कोडेक मिळाला नाही तरी तसंच. त्यासाठी रायटर बनवल्या बनवल्या 'इझओपन्ड', म्हणजे उघडला का, असं विचारायचं, फॉल्स (नाही) आलं तर तिथेच थांबायचं. मापांची चूक मात्र त्यात पकडली जात नाही, ती वेगळी तपासावी लागते.

एफएफएमपेग या दुसऱ्या व्हिडिओ लायब्ररीत तर सगळा खेळ क्रमाचा. रुंदी, उंची, पिक्सेल फॉरमॅट (रंग साठवायची पद्धत), टाइमबेस (वेळ मोजायचं एकक) आधी भरायचे, मग कोडेक ओपन, मग ती माहिती स्ट्रीमवर (फाइलमधल्या व्हिडिओच्या प्रवाहावर) कॉपी, आणि त्यानंतरच फाइलची माहिती सांगणारं हेडर लिहायचं. एमपी४ असेल तर ग्लोबल हेडरचा फ्लॅगही (कोडेकची माहिती वारंवार न देता एकदाच वेगळी ठेवायची खूण) ओपनच्या आधीच लावायचा, नंतर लावून उपयोग नाही. जुन्या लेखांत सुरुवातीला 'सगळे कोडेक रजिस्टर करा' अशी ओळ असते, ती एफएफएमपेगच्या 2018 मधल्या 4.0 आवृत्तीपासून लागत नाही आणि 5.0 मध्ये तर काढूनच टाकली, त्यामुळे नवीन मुलं ती ओळ खोडतात आणि त्यांना वाटतं की आता सुरुवातीला करायचं काही उरलंच नाही. खरं काम तर तिथूनच पुढे असतं.

माझी कळकळीची विनंती एवढीच, की पुरवणीत कोड छापताना जागा वाचवायला तपासणीच्या ओळी गाळू नका. शिकणारी मुलं छापलेलं जसंच्या तसं टाइप करतात.

आपला,
एक नियमित वाचक