वजनकाटा माझ्याकडे आहे

पुणे,
गुरुवार, २५ सप्टेंबर २०२५

ती. आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सर्वांत आधी जे सांगायचे ते सांगून टाकते. वजनकाटा हरवलेला नाही, तो माझ्याकडे पुण्यात आहे. मागच्या रविवारी साताऱ्याला सर्वपित्रीचे जेवण झाल्यावर बाबांचा डोळा लागला होता आणि आई मागे भांडी लावत होती, तेव्हा मी तो न्हाणीघराबाहेरच्या कोनाड्यातून उचलला, टॉवेलात गुंडाळला आणि माझ्या सॅकच्या तळाशी ठेवला. कामाच्या मावशींना कृपा करून काही विचारू नका आणि विचारून झाले असेल तर माझ्या वतीने त्यांची क्षमा मागा. फोनवर तुम्ही दोन वेळा काट्याचा विषय काढलात आणि दोन्ही वेळा मी गप्प राहिले. ते मनाला फार लागून राहिले, म्हणून हे पत्र.

बाबा, न विचारता कोणाची वस्तू उचललेली तुम्हाला खपत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. परंतु विचारले असते तर तुम्ही तो दिला नसता आणि न दिलेला काटा रोज सकाळी तुमचा दिवस ठरवत राहिला असता. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी तुम्ही वजनाचा आकडा लिहिता, ती सगळी पाने मी त्या दुपारी उलटून पाहिली. जुलैपर्यंत आकडे निळ्या शाईत, आठवड्यातून एकदा लिहिलेले आहेत. ऑगस्टच्या मध्यापासून ते रोज लिहिलेले आहेत आणि मागच्या दिवसापेक्षा वाढलेला प्रत्येक आकडा लाल शाईत आहे. आकडा लाल आला की त्या रात्री तुम्ही जेवत नाही, दूध घेऊन झोपता, असे आईने मला ओट्याशी हळू आवाजात सांगितले. तिच्यावर रागावू नका. तिने सांगितले नसते, तर मला कळलेच नसते.

रोज वजन केल्याने पुष्कळांना फायदा होतो, हे मी नाकारत नाही. मी स्वतः काही महिने तसे केले आहे. तरीही ज्या आकड्यामुळे ७१ वर्षांचा माणूस उपाशी झोपतो, तो आकडा रोज पाहण्यात हित नाही, असे मला वाटते. मी केवळ स्वतःच्या मनाने हे ठरवलेले नाही. सोमवारी तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारले, तेव्हा महिन्यातून एकदा त्यांच्याकडे वजन झाले तरी पुरे आहे, असे ते म्हणाले. तेव्हा १ तारखेला रक्तदाब तपासायला जाल, तेव्हाच वजन करा.

मात्र या सगळ्यात माझा दोष मोठा आहे आणि तो मान्य केल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही. जानेवारीपासून दर रविवारी फोनवर मी तुम्हाला एकच प्रश्न विचारत आले, ‘बाबा, अजून किती राहिले?’ दादाही तेच विचारतो. किती उतरले, हे नऊ महिन्यांत आम्हा दोघांपैकी एकानेही विचारले नाही. ज्या माणसाला दर आठवड्याला फक्त उरलेली वाट दाखवली जाते, त्याने गेल्या रविवारी ‘जाऊ दे, आता या वयात काय व्हायचे ते होईल’ असे म्हटले, तर त्यात त्याची काय चूक?

नववीतल्या सहामाहीचे गणित तुम्हाला आठवते का? मला ४२ गुण मिळाले होते आणि प्रगतिपुस्तक मी दोन दिवस दप्तरातून बाहेर काढले नव्हते. तुम्ही ते वाचलेत, चष्मा पुसलात आणि विचारलेत, ‘चाचणीत किती होते?’ मी म्हटले, ३१. तुम्ही पायांत चपला सरकवल्यात, मोती चौकापर्यंत गेलात आणि पाव किलो कंदी पेढे घेऊन आलात. ते अकरा गुणांचे पेढे आहेत, असे आईला सांगून तुम्ही पुडा देवापुढे ठेवलात. शंभराला किती कमी पडले, हे त्या दिवशी घरात कोणीही काढले नाही. मला ते आठवायला हवे होते.

आता तुमचा हिशेब मी तुमच्याच पद्धतीने मांडते. १ जानेवारीला कालनिर्णयावर ९१.४ लिहिलेले आहे आणि २० सप्टेंबरला ८३.९. साडेसात किलो उतरले. हा आकडा मला रविवारी संध्याकाळपर्यंत नुसता आकडाच वाटत होता. विनाथांबा गाडीने स्वारगेटला उतरून घरी पोहोचले, तर आमची लिफ्ट बंद. आईने दिलेली पिशवी हातात, सॅक पाठीवर, आणि चार मजले. तिसऱ्या मजल्यावर मला पायरीवर बसावे लागले. दम इतका लागला होता की शेजारच्या काकूंनी दार उघडून पाणी आणून दिले. वर आल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर तुमचाच काटा बाहेर काढून त्यावर आईची पिशवी ठेवली. इंद्रायणी तांदूळ, घेवडा, ज्वारीचे पीठ, मेतकूट आणि चटणी मिळून ७.६ किलो.

बाबा, मी कितीतरी वेळ त्या पिशवीकडे पाहत बसले होते. एवढे ओझे तुम्ही गेल्या डिसेंबरपर्यंत अंगावर घेऊन रोज झोपेतून उठत होता, अंघोळीला जात होता, देवळाच्या पायऱ्या चढत होता, आणि वर आम्ही तुम्हाला म्हणत होतो की तुम्ही हल्ली फार हळू चालता. मी पिशवी पायरीवर टेकवू शकले. तुम्हाला तीही सोय नव्हती.

तुमच्या गुडघ्यांच्या दृष्टीने तर हा हिशेब आणखी मोठा आहे. वजन जास्त असलेल्या आणि गुडघ्यांची झीज झालेल्या वयस्कर लोकांचा एक अभ्यास अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झाला. वजन एक किलो उतरले, की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे त्यात आढळले. त्या मापाने तुमच्या गुडघ्यावरून प्रत्येक पावलामागे ३० किलो उतरले आहेत. चार वर्षांपूर्वी तुम्ही अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत जाणे सोडलेत आणि या ऑगस्टमध्ये एका सकाळी कोणाला न सांगता तिथवर जाऊन आलात. तुम्ही ती गोष्ट फोनवर अगदी शेवटी, पावसाबद्दल बोलता बोलता सांगितलीत, आणि मी ‘बरं’ म्हणून पुन्हा वजनाचेच विचारले. ज्या अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर मी तुमच्या खांद्यावर बसून मंगळाईच्या देवळापर्यंत गेले आहे, त्या वाटेवर तुम्ही पुन्हा पाऊल टाकलेत, आणि माझ्या तोंडून शाबासकीचा एक शब्द निघाला नाही. तो आज लिहिते आहे. शाबास, बाबा. मनापासून शाबास.

९१.४ मधून साडेसात म्हणजे आठ टक्क्यांहून थोडे अधिक. मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के वजन उतरले तरी रक्तदाब आणि साखर सुधारू लागते, असे डॉक्टर सांगतात. तुमच्या बाबतीत ते प्रत्यक्ष घडले आहे, कारण जुलैमध्ये डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी अर्धी केली. पट्ट्याला आईने दाभणाने पाडलेली दोन नवी छिद्रेही मी पाहिली. कालनिर्णयावर यातले काहीच लिहिलेले नाही.

काटा दीड महिना का अडला, याचेही उत्तर आहे आणि त्यात तुमच्या निश्चयाचा काही उणेपणा नाही. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दोन किलो झरझर उतरले, त्यात पाण्याचा वाटा मोठा होता. यकृतात आणि स्नायूंत जी साखर साठवलेली असते, तिच्याबरोबर तिच्या सुमारे तिप्पट पाणी धरलेले असते. खाणे कमी झाले की साठा वापरला जातो आणि ते पाणीही निघून जाते. तो वेग पुढे टिकत नाही, कोणाचाच टिकत नाही. शिवाय ९१ किलोंचे शरीर चालवायला जेवढे अन्न लागते, तेवढे ८४ किलोंच्या शरीराला लागत नाही, म्हणून ज्या ताटावर मार्चमध्ये वजन उतरत होते, त्याच ताटावर ते आता स्थिर राहते. आणि ज्या लाल आकड्यांसाठी तुम्ही उपाशी झोपलात, ते बहुतेक तीनशे-चारशे ग्रॅमचे आहेत. आदल्या दिवशी पापड-लोणचे जास्त झाले किंवा पोट साफ झाले नाही, तरी तेवढा फरक पडतो. बागेतल्या कट्ट्यावरच्या काकांना डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवण्याची पद्धत मानवली आणि त्यांचे वजन भराभर उतरले, याचा मला आनंद आहे; परंतु त्यांच्या आकड्याशेजारी तुमचा आकडा ठेवू नका. दीड महिना वजन वाढले नाही, गणपतीचे मोदक आणि पितृपक्षातली खीर होऊनही वाढले नाही, हेही तुम्ही कमावलेलेच आहे.

आई, आता तुझ्याशी बोलते, कारण तुझा आकडा तर कोणी भिंतीवरसुद्धा लिहिला नाही. दवाखान्याच्या फायलीत पाहिले, तेव्हा कळले की जानेवारीत तू ६६ किलो होतीस आणि आता ६२.८ आहेस. बाबांसाठी तेल मोजताना आणि ताटात आधी कोशिंबीर वाढताना तूही तीन किलोंहून अधिक उतरलीस, चार ब्लाउजना आतून टीप घातलीस आणि आम्हाला चकार शब्द बोलली नाहीस. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ८.१ वरून ७.२ वर आली आहे. आत्या म्हणतात की तू मुळात बारीकच, तुला कशाला हवे हे सगळे. त्यांच्या बोलण्यात माया आहे, परंतु त्यावर जाऊ नकोस. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षे हेच सांगत आले आहेत, की आपल्याकडची माणसे दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगात, विशेषतः पोटाभोवती, चरबी जास्त असते. म्हणून काट्याऐवजी तुझ्या शिवणाच्या डब्यातली टेप वापरा. कंबर बायकांची ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत असावी, असे आपल्या लोकांसाठी धरतात. बाबांची १०८ होती, रविवारी मी मोजली तेव्हा १०० भरली. पुढचे दहा आजच डोळ्यांपुढे आणू नका. गेलेले आठ आधी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आता काही गोष्टी मी सांगणार आहे आणि त्या ऐकाव्याच लागतील. बाबांनी रात्रीचे जेवण एकही दिवस सोडायचे नाही. या वयात उपाशी राहून उतरलेल्या वजनात स्नायूही जातात आणि स्नायू गेले की तोल जातो. आपल्या घरातल्या काकांच्या वेळी काय झाले, ते मला पुन्हा लिहायला लावू नका. रात्री अर्धी भाकरी कमी चालेल, पण मटकीची उसळ किंवा वरण आणि दही ताटात हवेच. सकाळी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचे-बसायचे, आणि आईने समोर उभे राहून मोजायचे. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती अंगावर काढायची नाही. वजन उतरल्यावर रक्तदाबाची गोळी आणखी कमी करावी लागू शकते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचे.

आई, नवरात्रात तू उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, उपवास करतेस आणि तो सोड, असे मी म्हणणार नाही. परंतु शेवटच्या दिवशीच्या उपवासाला साखरेची गोळी कशी घ्यायची, हे आधी डॉक्टरांना विचार. वजन आणि जेवण कमी झाले आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. हातांना थरथर, दरदरून घाम, छातीत धडधड, असे काही वाटले तर देवापुढून उठून लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी तपासायचे. उपवास मोडेल म्हणून थांबायचे नाही. मला वचन दे.

माझे बोलणे कठोर वाटले असेल, तर क्षमा करा. तुम्ही दोघे रात्री पोटभर जेवून झोपला आहात, एवढे कळले तरी मला इथे झोप लागते. येत्या रविवारी फोन करीन, तेव्हा वजनाचा प्रश्न विचारणार नाही. बाबा चार भिंतींच्या पायऱ्यांवर किती वेळ बसले आणि तिथून काय काय दिसले, एवढेच विचारीन.

वसुबारसेला, म्हणजे १७ ऑक्टोबरला, रात्रीच्या गाडीने येते आहे. येताना काटा आणीन. तो कोनाड्यात ठेवायचा की माळ्यावर, ते बाबांनी ठरवावे. मी त्यावर काही बोलणार नाही. दादालाही मी सांगितले आहे की यापुढे ‘किती राहिले’ हा प्रश्न घरात कोणी विचारायचा नाही.

तुमची,
बाळी

ता. क. : लसणीच्या चटणीची बरणी फुटली नाही. आणि बाबा, या शनिवारी आईला घेऊन मोती चौकात जा आणि पाव किलो कंदी पेढे आणा. देवापुढे ठेवताना साडेसात किलोंचे आणि तीन किलोंचे, असे दोन्ही आकडे म्हणा. आईच्या वाटणीचा अर्धाच पेढा, आणि तो जेवणानंतर.